बारक्याचं दार

आमच्या वळूघराचं दार अठ्ठावीस इंच रुंद आहे. हे मला पाठ होतं, कारण येणाऱ्या पाहुण्यांना ते सांगणं माझं कामच आहे. बारक्या किती रुंद आहे, हे मात्र त्या मंगळवारपर्यंत कोणी मोजलं नव्हतं.

मी इस्टेटीच्या जुन्या आवाराची देखरेख करते. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचे दगडी गोठे आहेत, डुकरांचे कोंडवाडे आहेत, सहाशे खणांचा कबुतरखाना आहे. आता तिथे जनावर म्हणून नाही. जनावरं वरच्या अंगाला पत्र्याच्या नव्या गोठ्यात असतात आणि माझा नवरा तिथे दूध काढायच्या मशीनवर आहे. खाली मी झाडते, किल्ल्या सांभाळते आणि रोज दोनदा माहिती सांगत लोकांना फिरवते. आवाराच्या टोकाला वळूघर. गोल, जाड भिंतींचं, एक दार, एक खिडकी, पुढे दगडी कुंपणाचं छोटं अंगण. पूर्वी इस्टेटीचा वळू तिथे एकटा राहायचा.

बारक्या तिथे आला तो पंधरा दिवसांसाठी. जन्मला तेव्हा त्याची आई गेली. वर गोठ्यात साथ होती, म्हणून जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला जरा वेगळं ठेवा. माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, इस्टेटीवर चाळीस वर्षं गुराखी होते, पुढे मुख्य गुराखी. निवृत्त झाले तेव्हा इस्टेट चालवणाऱ्या ट्रस्टनं त्यांना घड्याळ दिलं. ते त्यांनी अजून लावलेलं नाही, कारण गायींना घड्याळ लागत नाही असं त्यांचं म्हणणं. आबांनी त्या गोऱ्ह्याला खांद्यावर टाकलं आणि सरळ वळूघरात नेऊन ठेवलं. इतका किरकोळ होता की नाव पडलं बारक्या.

पंधरा दिवसांची पावणेदोन वर्षं कशी झाली, हे मला विचारू नका. साथ गेली, पण आबा म्हणाले, वर मशीनच्या आवाजानं तो बिचकेल. पाहुण्यांना जिवंत वासरू बघायला आवडायचं, म्हणून ट्रस्टच्या ऑफिसनंही डोळेझाक केली. रोज सकाळी आबा त्याला अंगणात सोडायचे, संध्याकाळी आत घ्यायचे. मग थंडीच्या तोंडावर आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चार महिने बारक्या आतच राहिला, कारण आबांना त्याला धरवत नव्हतं आणि दुसऱ्या कोणी धरलेलं आबांना बघवत नव्हतं. ते खिडकीशी स्टुलावर बसायचे, मी पेंड आणि वैरण आत टाकायचे.

"अजून थोडं टाक," आबा म्हणायचे.

"आबा, पुरे की."

"वाढीचं वय आहे त्याचं."

शेण काढायला मी रोज आत जायचे. तो शहाण्यासारखा बाजूला सरकायचा. दिवसेंदिवस आम्हाला दोघांना सरकायला जागा कमी पडायला लागली. मला वाटलं, माझंच वजन वाढतंय. मी साखर सोडली.

तर त्या मंगळवारी डॉक्टरीणबाई तपासायला आल्या, खिडकीतून वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "खुरं किती वाढलीत याची! बाहेर काढा, खोड्यात उभा करून कापून टाकते."

आबांनी दार उघडलं. "ये बारक्या," म्हणाले. बारक्या आला. डोकं बाहेर आलं, मान आली, खांदे आले, आणि तिथे तो थांबला. त्यानं आमच्याकडे बघितलं. पुन्हा रेटा दिला, तेव्हा दोन्ही बाजूंनी त्याचं पोट दगडाला लागलं आणि त्यानं एक लांब श्वास सोडला. मग जसा आला तसा पावलापावलानं मागे गेला आणि गव्हाणीपाशी जाऊन उभा राहिला.

"आज त्याचं मन नाही," आबा म्हणाले.

डॉक्टरीणबाई आत गेल्या, दोरी त्याच्या पोटावर आडवी धरली, मग तीच दोरी दाराला लावून बघितली. दार संपलं तरी वीतभर दोरी उरली. आम्ही सगळे त्या उरलेल्या दोरीकडे बघत होतो.

"उपाशी ठेवला तर?" मी विचारलं.

"दोन महिने लागतील. आणि भुकेला वळू असल्या खोलीत ठेवायचा, तर आत कोण जाणार?"

मी जाणार होते, म्हणून मी तो विषय सोडला.

"आठ दिवस," त्या म्हणाल्या. "त्याच्यापुढे गेलं तर पाय कायमचे वाकडे होतील. दाराचे दोन दगड काढा."

दाराचे दगड काढा म्हणणं सोपं आहे. आवाराच्या फाटकावर पाटी आहे, या वास्तूचा एकही दगड परवानगीशिवाय हलवू नये, आणि ती पाटी रोज पुसणारी मीच. मी ट्रस्टच्या ऑफिसला फोन केला. त्यांनी जुन्या वास्तूंच्या जतन कार्यालयाला केला. तासाभरानं निरोप आला : कशालाही हात लावू नका, गुरुवारी निरीक्षक येतील. वळू आत कसा गेला याचा खुलासा लेखी द्यावा.

मी खुलासा लिहिला. "दारातून," असं लिहिलं. दुसरं काय लिहिणार?

बुधवारी नवऱ्यानं पाथरवटाला आणलं. तो इस्टेटीच्या भिंतींची डागडुजी करतो. बोलायला कमी, बघायला जास्त. त्यानं दार उघडलं, बारक्याला बघितलं, बारक्यानं त्याला बघितलं. मग तो दारासमोर जमिनीवर मांडी घालून बसला तो अर्धा तास उठलाच नाही. आबा बाजूला काठीवर हनुवटी टेकून उभे.

"हे काय आहे?" शेवटी त्यानं बोट दाखवलं. चौकटीच्या दोन्ही उभ्या दगडांना गुडघ्याच्या उंचीवर आतून खोलगट कातलेलं होतं. दोन परड्या उभ्या ठेवाव्यात तसं.

हे मला पाठ होतं. मी म्हणून दाखवलं, "चौकटीच्या दोन्ही अंगांना कलात्मक वक्राकार नक्षी असून ती तत्कालीन कारागिरांच्या सौंदर्यदृष्टीची साक्ष देते."

"वळूच्या दाराला?"

"हो."

"कोणासाठी?"

असा प्रश्न नऊ वर्षांत एकाही पाहुण्यानं विचारला नव्हता.

पाथरवट उठला, त्या खोलगट भागात हात फिरवला. "ही नक्षी नाही, वहिनी. ही पोटाला जागा केलीय. दार अरुंद ठेवायचं, म्हणजे वळूला दारात वळून धडक मारता येत नाही. पण पोट तर निघालं पाहिजे. म्हणून पोटाच्या उंचीवर दगड कातायचा. शहाणी माणसं होती ती."

"पण हे तर गुडघ्यापाशी आहे."

"तेच म्हणतोय मी. वळूचं पोट खाली आलेलं नाही. म्हणजे जमीन वर आलीय."

मी आबांकडे बघितलं. आबा तिथे नव्हते. ते अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला दगडी हौदात वाकून पाणी बघत होते.

गुरुवारी निरीक्षक आले. पन्नाशीचे, किडकिडीत, खांद्याला टेप, काखेत फाइल. माणूस वाईट नव्हता. बारक्याला बघून "अरेरे" म्हणाले आणि ते मनापासून म्हणाले. पाथरवटानं त्यांना पोटाचं सगळं समजावलं. त्यांनी तीनदा माप घेतलं, मान डोलावली.

"तुमचं म्हणणं पटतंय. पण जमीन खोदता येणार नाही."

"का?"

त्यांनी फाइल उघडून वाचलं, "'आतील कोबा मूळ असून उत्तम स्थितीत आहे.' मूळ म्हटल्यावर तो दगडांइतकाच संरक्षित."

"हा मूळ नाही," पाथरवट म्हणाला. "हा सिमेंटचा आहे. चुन्याचा असता तर असा वाजला नसता." त्यानं टाचेनं वाजवून दाखवलं.

"आवाजाची नोंद घेता येत नाही. नमुना प्रयोगशाळेत पाठवू. तीन आठवडे."

"आणि ही नोंद कोणी केली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्या मुद्दाम आल्या होत्या.

निरीक्षकांनी पान उलटलं, सही बघितली, फाइल मिटली. "बावीस वर्षांपूर्वीची आहे," म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "मी नवीन होतो तेव्हा."

जेवायची वेळ झाली होती, आणि आवाराच्या आसपास चहाची टपरीसुद्धा नाही. म्हणून मी सगळ्यांना घरी चला म्हटलं. आमचं घर फाटकालाच लागून आहे.

सासूबाई स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या. एवढी माणसं बघून त्यांनी एक पातेलं वाढवलं आणि मला हळूच विचारलं, काय ठरलं? मी सांगितलं की कोबा मूळ आहे, म्हणून फोडता येत नाही.

"कसला मूळ?" त्या म्हणाल्या. हळू बोलणं त्यांना एका वाक्यापलीकडे जमत नाही. "माझा पाय आहे त्यात."

आबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"सांगा की," सासूबाई त्यांना म्हणाल्या. "का मी सांगू?"

आबांनी सांगायला सुरुवात केली, पण ती पावसापाण्यापासून केली. शेवटी सासूबाईंनीच सांगितलं. पस्तीस वर्षांपूर्वी वळूघरात पाणी साचायचं. तेव्हाचा म्हातारा, हडकुळा वळू घोट्याएवढ्या पाण्यात उभा. आबांनी तेव्हाच्या मॅनेजरला तीनदा लेखी दिलं, मॅनेजरनं तीनदा कानाडोळा केला. त्याच सुमारास मालकांच्या टेनिस कोर्टासाठी सिमेंट आलं होतं. आबांनी चार गडी घेतले, त्यातलं सिमेंट उचललं, दगडगोट्यांची भर घातली आणि हातभर जमीन उचलून वर कोबा केला. उंबऱ्यावरही केला, बाहेर उतार काढला. मॅनेजर गावाला गेलेला. परत आला तेव्हा वळू कोरड्यात होता आणि टेनिस कोर्ट एका बाजूनं आखूड.

"कोणाच्या लक्षात आलं नाही?" निरीक्षकांनी विचारलं.

"मालकांना खेळता येत नव्हतं," आबा म्हणाले.

"आणि पाय?"

सासूबाईंनी मटाराची शेंग मोडली. "कोबा ओला होता. मी यांना जेवायला बोलवायला गेले. अंगणात चिखल, म्हणून चपला हातात. मला काय माहीत आत काय केलंय! एक पाय टाकला मात्र, हे असे ओरडले! चार गड्यांसमोर. 'डोळे फुटलेत का तुझे? सकाळपासूनच्या कामाचा चिखल केलास!' मी तशीच घरी आले. पाय धुतला आणि जेवले. मी एकटीच जेवले त्या दिवशी."

आबा ताटाकडे बघत होते. ताट अजून रिकामं होतं.

"ठसा पुसला नाहीत का?" पाथरवटानं आबांना विचारलं. त्याला खरंच उत्सुकता होती.

"थापी फिरवणार होतो," आबा म्हणाले. "राहिलं."

जेवणं उरकून आम्ही सगळे परत वळूघरात गेलो. बारक्याला पलीकडच्या भिंतीशी बांधलं. दाराच्या आत डाव्या हाताला मी पेंढा ओढला, शेणाचा थर खरवडला, पाणी ओतलं, खराट्यानं घासलं. खालून पाय वर आला. उजवा, पाची बोटं स्पष्ट, टाच खोल. नऊ वर्षं मी त्याच्यावरून झाडू मारत होते.

निरीक्षक गुडघ्यावर बसले. टेप लावला. लांबी लिहिली, रुंदी लिहिली. मग अवघडून म्हणाले, "पडताळणी करावी लागेल."

सासूबाईंनी चप्पल काढली आणि पाय ठशात ठेवला. लांबी बरोबर होती. रुंदीला मात्र पाय दोन्ही बाजूंनी बाहेर आला.

"थोडा फरक पडतोय," निरीक्षक म्हणाले.

"तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते," सासूबाई म्हणाल्या. मग बारक्याकडे हात केला. "तो पण याच दारातून आत आला होता."

निरीक्षकांनी ते लिहून घेतलं की नाही, माहीत नाही, पण ते बराच वेळ लिहीत होते. सासूबाईंचं अंगठ्याजवळचं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे. ठशातही तसंच होतं. हे सापडल्यावर निरीक्षकांचा चेहरा उजळला. जादा पुरावा म्हणून त्यांनी माझ्या नवऱ्याला बूट काढायला लावला. त्याचंही बोट तसंच निघालं. नवरा म्हणाला, "मी तेव्हा तीन वर्षांचा होतो, माझा काही संबंध नाही." तरी तेही लिहिलं गेलं.

तिथेच दाराच्या उंबऱ्यावर बसून निरीक्षकांनी कागद तयार केला : सदर कोबा मूळ नसून नंतरची अनधिकृत भर आहे, ती काढण्यास हरकत नाही, पूर्वीची नोंद चुकीची होती. शेवटच्या वाक्यापाशी त्यांचा पेन जरा थांबला. मग त्यांनी सही केली, बावीस वर्षांपूर्वीच्या सहीइतकीच सुबक.

"आबांवर काही..." मी विचारलं.

"टेनिस कोर्ट आमच्या यादीत नाही," ते म्हणाले.

पाथरवटानं पहार उचलली. "कुठून सुरू करू?"

"माझ्या पायापासून," सासूबाई म्हणाल्या. "पहिला घाव तिथेच घाल. एकदाचं फुटू दे."

"नको," आबा म्हणाले.

सगळे वळले. आबा बायकोसमोर सहसा 'नको' म्हणत नाहीत. ते काठी घेऊन त्या ठशाच्या आणि पहारीच्या मध्ये येऊन उभे होते.

"का नको?" सासूबाईंनी विचारलं.

आबांनी बराच विचार केला. घसा साफ केला. "चांगला उमटलाय," ते म्हणाले.

सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग खाली बसून त्यांनी चप्पल घातली. एका चपलेला लागतो त्याच्यापेक्षा जरा जास्तच वेळ लागला. उठल्या आणि पाथरवटाला म्हणाल्या, "ऐकलं ना ते काय म्हणाले? अख्खा काढ."

त्यानं छिन्नीनं चारी बाजूंनी रेघ मारून तेवढा तुकडा अख्खा काढला. त्यानं आणि माझ्या नवऱ्यानं उचलून बाहेर नेला.

खोदकाम तीन दिवस चाललं. अर्धं वळूघर फोडायचं, बारक्याला त्या बाजूला घ्यायचं, मग उरलेलं फोडायचं. आबांनी बारक्याच्या कानात कापूस घातला होता, स्वतःच्या घालायला विसरले. संध्याकाळी त्यांच्याशी ओरडून बोलावं लागायचं. सासूबाईंना ते काही जड गेलं नाही.

भर उपसली तशी खाली काळ्या दगडांची मूळ फरशी लागली आणि मधोमध एक सुबक दगडी नाली. ती भिंतीखालून बाहेर जात होती. पाथरवटानं तिच्या तोंडात पहार घालून दोनदा ढोसलं. पलीकडून मातीचा बोळा निघाला, हाताच्या मुठीएवढा. त्यानं बादलीभर पाणी ओतलं. पाणी सरळ बाहेर गेलं.

"एवढंच तुंबलं होतं," पाथरवट म्हणाला. "नाली मोकळी केली असती तर..." आणि त्यानं वाक्य तिथेच सोडलं, कारण तो भला माणूस आहे.

आबा त्या मातीच्या बोळ्याकडे बघत राहिले. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांना न बोलता बरंच बोलता येतं.

रविवारी दुपारी उंबऱ्यावरचा शेवटचा थर निघाला. डॉक्टरीणबाई खोडा घेऊन हजर होत्या. निरीक्षक सुट्टी असून आले होते, आणि त्यांनी मुलीलाही आणलं होतं. आबांनी दार उघडलं, बाजूला झाले.

"ये बारक्या."

डोकं आलं, मान आली, खांदे आले. तो थांबला. आम्ही सगळे थांबलो. मग त्यानं पाऊल टाकलं आणि त्याचं पोट दोन्ही बाजूंच्या त्या खोलगट दगडांतून असं सरकत गेलं, जणू कोणी माप घेऊन शिवलं होतं. केस दगडाला घासल्याचा आवाज तेवढा आला. सव्वादोनशे वर्षांपूर्वी कोणीतरी ते दगड कातले होते, त्याचं नाव आमच्या कुठल्याच फाइलमध्ये नाही.

बाहेर आल्यावर बारक्या उधळेल म्हणून नवरा दोर घेऊन तयार होता. बारक्या सरळ समोरच्या कुंपणापाशी गेला आणि भिंतीला नाक लावून उभा राहिला. इतके दिवस भिंतच बघितली होती बिचाऱ्यानं. पाच मिनिटांनी त्यानं मान वळवली. त्याला कळलं असावं की मागे बरीच जागा आहे. तो हौदाकडे गेला आणि पाणी प्यायला लागला. आबांनी नाक शिंकरलं आणि ऊन फार आहे म्हणाले. त्या दिवशी ढग होते.

खुरं कापून झाली. त्या तुकड्याला जतन कार्यालय क्रमांक देऊन ठेवून घ्यायला तयार होतं, पण सासूबाई म्हणाल्या, माझा पाय सरकारी कपाटात जाणार नाही. तो आता आमच्या मागच्या दाराशी आहे. सासूबाई त्याच्यावर बादली ठेवतात, आबा येताजाता ती उचलून बाजूला ठेवतात. माहितीची पाटी बदलायला टाकली आहे. तोवर मी पाहुण्यांना तोंडी सांगते की ही कला नाही, पोट आहे.

डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं की वळूघरात आता जनावर ठेवायचं नाही, आणि बारक्या दोन तासांवरच्या एका मोठ्या फार्मवर गेला. तिथे त्याला कळप आहे, मोकळं रान आहे. त्याला गाडीत चढवलं तेव्हा आबा घरात होते. घड्याळाला किल्ली देत होते म्हणे.

महिन्यानं ते बस पकडून एकटेच त्याला बघायला गेले. जाताना पेंडीची पिशवी घेतली. संध्याकाळी परत आले. सासूबाईंनी पाणी दिलं, पाय धुवायला गरम पाणी काढलं, मग विचारलं, "कसा आहे?"

"मस्त आहे. आणखी सुटलाय."

"ओळखलं का?"

आबांनी रिकामी पिशवी घडी करून कोनाड्यात ठेवली. "पेंड खाल्ली," ते म्हणाले. "मग गेला गायींकडे."

"तरुण आहे," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांना वाढायला लागल्या. स्वतःचंही ताट त्यांनी शेजारीच घेतलं.